पंचगंगेची पातळी सांगणारे सर

कोल्हापुरात लोकल केबलवर हवामान सांगणारे सर गेल्याचं वाचलं आणि 2019 च्या ऑगस्टमधला पंचगंगेचा महापूर डोळ्यांपुढं उभा राहिला. नुसतं 'मुसळधार पाऊस' म्हणून ते कधी थांबले नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, इशारा 39 ला, धोका 43 ला, राधानगरी धरणाच्या सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, सगळं सावकाश, दोनदा सांगायचे. आमची आई शुक्रवार पेठेतल्या घरी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं ते आकडे उतरवायची. महापुराच्या त्या रात्री सरांचा आवाज पार बसला होता. आईनं आकडा लिहिला, पेन्सिल ठेवली आणि काही न बोलता धान्याचे डबे माळ्यावर चढवायला लागली. ते कॅलेंडर अजून जपून ठेवलंय.