वेगळा दिवस नको, गोलबॉल खेळा

दृष्टिहीन मुलांना सोसायटीच्या खेळांत कसं घ्यायचं, असं वर विचारलंय. त्यावर एकांनी त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवायला सुचवलंय. मला ते मुळीच पटत नाही. गोलबॉल म्हणजे घुंगरांचा चेंडू समोरच्यांच्या गोलात घरंगळत टाकायचा आणि त्यांचा चेंडू आवाजावरून ओळखून अडवायचा. त्यात सगळेच डोळे झाकून खेळतात, त्यामुळे सरावाला डोळस आणि दृष्टिहीन एकाच संघात चालतात. प्रत्येक संघात तिघे.

मैदान 18 बाय 9 मीटर, म्हणजे व्हॉलीबॉलचंच. हॉलमध्ये त्या रेषा असतील तर निम्मं काम झालं. रेषेवर 3 मिलिमीटर जाडीची दोरी ताणून वरून 5 सेंटिमीटर रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे जागा हातापायांना चाचपून कळते. फरशी आधी पुसून पूर्ण वाळू द्या. धूळ राहिली की पट्टी सुटते आणि दोरीत पाय अडकतो.

घुंगरांचा चेंडू 1.25 किलोचा असतो, लहानांना जड जातो. त्यांना हलका चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून द्या, सळसळ ऐकू येते.

खेळ बिघडतो तो मुख्यतः आवाजाने. पंखे बंद, चेंडू सुटल्यावर प्रेक्षक गप्प, टाळ्या गोल झाल्यावरच. पत्र्याच्या छताखाली पावसात खेळ ठेवूच नका.

डोळ्यांवरच्या झाकणीखाली नाकाजवळच्या फटीतून दिसतं, म्हणून आत डोळ्यांवर कापसाचे पॅड चिकटवा. गुडघ्या-कोपरांना पॅड हवेतच, कारण चेंडू आडवं पडून अडवायचा असतो. तेव्हा चेहरा मागे वळवायला पहिल्याच दिवशी शिकवा.