मदत हवी आहे: वडाली बंधूंची अख्खी मैफल कुठे ऐकायला मिळेल?

मंडळी, पूरनचंद आणि प्यारेलाल वडाली, अमृतसरजवळच्या गुरू की वडालीचे सूफी गायक. मला त्यांची लाइव्ह मैफल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचीय. प्यारेलालजी ९ मार्च २०१८ ला गेले त्यामुळे दोघांचं एकत्र असं जे काही आहे ते त्याआधीचंच असणार.

यूट्यूबवर भरपूर शोधलं, पंजाबीतून टाईप करूनही पाहिलं, पण मिळतात ते दहा-बारा मिनिटांचे तुकडे, त्यातही सुरुवातीचा आलाप आणि कलामाआधीचे दोहे नेमके कापलेले, आणि माझा जीव तर तिथेच अडकलाय. एक भाऊ ओळ अर्ध्यात सोडतो, दुसरा वरच्या सुरात ती उचलतो, मध्येच ठेका थांबवून एखादा शेर सांगतात आणि पुन्हा बरोबर समेवर येतात, हे तुकड्यात कळतच नाही हो. स्ट्रीमिंग अॅपवर बहुतेक स्टुडिओतलंच आहे.

सिनेमातली गाणी नकोत, ती ऐकलीत (तनू वेड्स मनूतलं फार आवडतं). पूरनचंदजींचे चिरंजीव लखविंदर वडालींचे आत्ताचे कार्यक्रमही माहितीयेत, छान असतात, पण मला दोघा भावांचंच हवंय. सीडी, कॅसेट काहीही चालेल, पैसे द्यायचीही तयारी आहे. पंजाबी थोडंफार समजतं, म्हणून भाषांतर नसलं तरी चालेल.

तर सूफी कवी बुल्लेशाहच्या काफ्या (पंजाबी सूफी पदं) असलेली, तासाभराच्या वरची, न कापलेली त्यांची कुठली मैफल तुम्ही स्वतः ऐकलीय, आणि ती आज नेमकी कुठे मिळेल?