संशोधन संस्थेकडून सोडियम-आयन कॅथोडचे तंत्रज्ञान परवान्यावर घेताना करारात काय पाहावे?

भोसरीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. गेली आठ वर्षे आम्ही बाहेरून सेल आणून ई-रिक्षा आणि सौर दिव्यांसाठी बॅटरी पॅक जोडून देतो. सेलच्या भावावर आपला ताबा नसतो, म्हणून निदान कॅथोडची, म्हणजे सेलच्या धन टोकाची, भुकटी तरी स्वतः तयार करावी असे फार दिवसांपासून मनात आहे. पुण्यात आयसर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले, तेव्हापासून मी या विषयाचा पाठपुरावा करतो आहे. यात लिथियम लागत नाही. शिवाय सोडियम ॲल्युमिनियमशी संयोग पावत नसल्यामुळे ॲनोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, बाजूलाही तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल चालते.

आता एका वेगळ्याच संस्थेने आपले थरयुक्त ऑक्साइड कॅथोडचे पेटंट परवान्यासाठी खुले केले आहे. माझ्या हाती आले आहे ते दोन पानांचे माहितीपत्रक आणि नाण्याएवढ्या सेलवर घेतलेला एक आलेख. सुरुवातीला एकरकमी शुल्क आणि पुढे विक्रीवर तीन टक्के रॉयल्टी, असा त्यांचा प्रस्ताव आहे. या पैशांत नेमके काय मिळते, रॉयल्टी कशाच्या विक्रीवर धरावी आणि अनन्य, म्हणजे दुसऱ्या कोणालाही न दिल्या जाणाऱ्या, परवान्याचा आग्रह धरावा का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

भट्टीवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेटंटच्या परवान्याने मिळते ती वापराची मुभा. माल कसा बनवायचा ते त्या कागदात असतेच असे नाही.

आम्ही एका संस्थेकडून अशाच प्रकारच्या कॅथोडचा परवाना घेतला. प्रयोगशाळेत वीस-वीस ग्रॅमचे घाणे निघत आणि भुकटी आर्गॉन वायू भरलेल्या ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे हवाबंद पेटीच्या, बाहेर येतच नसे. आम्ही पाच किलोचा घाणा काढला, तोही जुलै महिन्यात आणि उघड्या शेडमध्ये. सकाळी दहाला धारेने पडणारी स्लरी, म्हणजे फॉइलवर लावायचे भुकटीचे पातळ मिश्रण, दुपारी दोनपर्यंत पिठल्यासारखी आळली. पातेले उपडे केले तरी पडेना. कारण उशिरा कळले. ही भुकटी हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, कणांवर सोडियमचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट जमते आणि त्या अल्कलीमुळे पीव्हीडीएफ हा कणांना धरून ठेवणारा बंधक बिघडतो. पेटंटच्या मसुद्यात ओलाव्याबद्दल एक ओळही नव्हती. ज्या विद्यार्थ्याने ते काम केले होते त्याला हे पुरते ठाऊक होते. तो भट्टीतून गरम असतानाच भुकटीचे भांडे उचलून थेट ग्लोव्हबॉक्समध्ये नेत असे. पण तोवर तो परदेशी गेला होता आणि आमच्या करारात प्रशिक्षणाचे कलमच नव्हते.

म्हणून माझा आग्रह असा, की करारात पेटंटबरोबर प्रक्रियेची संपूर्ण माहिती, प्रयोगवह्यांच्या प्रती, फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी आणि संशोधकाने तुमच्या कारखान्यात घालवायचे दिवस हे सारे लेखी मागून घ्या. एकरकमी शुल्कही हप्त्यांत बांधा. पहिला हप्ता सहीच्या वेळी द्या. मोठा हप्ता मात्र तुमच्याच भट्टीतून निघालेला पाच किलोचा घाणा ठरलेली क्षमता देईल तेव्हाच द्यायचा. अशी अट घालताना संकोच करू नका. आपल्या मालावर भरवसा असलेली संस्था ती मान्य करते.

रॉयल्टी कॅथोडच्या भुकटीवर धरावी. संपूर्ण पॅकच्या विक्रीवर धरलीत, तर डबा, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारे सर्किट) आणि वायरिंग यांवरही तुम्ही तीन टक्के भरत राहाल.

पेटंट एजंट

वरील उत्तराशी सहमत आहे. त्याला कायद्याच्या बाजूने काही गोष्टी जोडते.

सही करण्याआधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून स्थिती पाहा. पेटंट मिळालेले आहे की नुसता अर्ज प्रसिद्ध झाला आहे, आणि मिळालेले असल्यास नूतनीकरण शुल्क वेळेवर भरले आहे का, हे तिथे दिसते. शुल्क थकल्यामुळे रद्द झालेल्या पेटंटवर रॉयल्टी ठरवल्याचे प्रकरण माझ्यासमोर आलेले आहे. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांची असते, त्यामुळे उरलेली वर्षे मोजूनच शुल्काची बोलणी करा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटंटचे मालक किती आहेत ते तपासा. दोन संस्थांनी मिळून संशोधन केले असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ५० नुसार, त्यांच्यात वेगळा करार नसल्यास, एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही. करार लेखी हवा आणि त्याची नोंद पेटंट कार्यालयातही करून घ्यावी.

तुम्ही भुकटीत केलेली सुधारणा फक्त संस्थेलाच द्यावी, अशी अट मसुद्यात दिसली, तर कलम १४० कडे बोट दाखवा. अशी अट बेकायदेशीर ठरते. कलम १४१ नुसार पेटंटची मुदत संपल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवता येतो.

भोसरीकर

मनःपूर्वक आभार. आजच स्थिती पाहिली. मालक म्हणून दोन संस्थांची नावे आहेत, माहितीपत्रकावर मात्र एकाच संस्थेचे. दुसरीचे संमतिपत्र मागतो. अनन्य परवान्याबद्दल कोणी सांगेल का?

निवृत्त प्राध्यापक

भोसरीकर, अनन्य परवाना महाग पडतो. ठरलेल्या काळात उत्पादन सुरू झाले नाही तर तो काढून घेण्याची अटही संस्था बहुधा घालते, आणि ते योग्यच आहे. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन कपाटात पडून राहू नये. तुमच्या गरजेला, एवीतेवी तुम्ही पॅकच विकणार असाल तर, ठरावीक उपयोगापुरता अनन्य परवाना पुरेल. उदाहरणार्थ, ई-रिक्षांपुरता.

मला मात्र वेगळाच धोका अधिक वाटतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचा कॅथोड १९९६-९७ च्या सुमारास ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने शोधला आणि त्याचा परवाना कॅनडातील हायड्रो-क्यूबेक या वीज कंपनीकडे गेला. पण ते फॉस्फेट विजेचे फार कमकुवत वाहक आहे. कण बारीक करून त्यांवर कार्बनचा लेप दिल्यावरच त्याची खरी बॅटरी झाली, आणि त्या लेपाची पेटंटे निराळी होती. त्यावरून पुढे वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद चालले. तेव्हा तुमच्या कॅथोडवर लेप, मिश्रक किंवा विशिष्ट बंधक लागत असेल, तर त्यावर दुसऱ्या कोणाचे पेटंट भारतात आहे का, याचा शोध एजंटकडून आधी करून घ्या. त्या शोधाचा खर्च एकरकमी शुल्कातून वजा करण्याची मागणी संस्थेकडे करून पाहा. माझ्या नोकरीच्या काळात आमच्या संस्थेने दोनदा ती मान्य केली होती.