बाबांचं अल्ब्युमिन २.६ आलंय, अंडी वाढवू का?

सिंहगडरोडवाली
बाबा ६८ वर्षांचे, स्वादुपिंडाचा कॅन्सर, चौथी स्टेज, केमो चालू आहे. पाच महिन्यांत वजन ६७ वरून ५७ वर आलंय, घड्याळ मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकतं आणि ते तसंच वर चढवून "बघ, बाजूबंद" म्हणतात, मला मेलं हसू येत नाही. कालच्या रिपोर्टात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.६ आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारा आकडा) ४८. आत्या म्हणते प्रोटीन कमी पडतंय, म्हणून रोज सहा अंड्यांचं पांढरं खायला लावते (सदाशिव पेठेतला माणूस, जन्मात अंडं खाल्लं नव्हतं), तरी आकडा खालीच. माझं काही चुकतंय का? आणि हे झिजणं मोजायची नेमकी एखादी ब्लड टेस्ट असते का?

लॅबवाला_हडपसर
ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, पण कॅन्सरमुळे अंगात सतत आतली सूज असली की लिव्हर सीआरपीसारखी प्रोटीन्स बनवायला लागतं, अल्ब्युमिन मागे पडतं आणि वर रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं ते वेगळंच. शिवाय त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं निम्मं संपायला लागणारा वेळ) साधारण २० दिवसांचं, म्हणजे या आठवड्याची अंडी या रिपोर्टात दिसणारच नाहीत. सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, ही जोडी डॉक्टर एकत्रच बघतात, आणि खरं सांगायचं तर ती चांगली खूण नाही. पण सीआरपी इन्फेक्शननेही चढतो. बाबांना पित्तनळीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) आहे का, तिथे इन्फेक्शन होऊ शकतं? थंडी-ताप?

मुगाची_खिचडी
एकच अशी टेस्ट नाहीये. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन आपोआप गेलं की त्याला कॅकेक्सिया म्हणतात, २०११ ची व्याख्या आहे, तुमच्याकडे १५ टक्के गेलंय, त्याला रक्त कशाला तपासायला हवं. जीडीएफ-१५ नावाचं एक प्रोटीन आहे, भूक मारतं, ते अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाच्या २०२४ च्या १८७ पेशंटच्या ट्रायलमध्ये वजन वाढलं होतं, पण ते संशोधनातलं. त्यापेक्षा डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: शी तेलकट, तरंगणारी होत असेल तर जेवणाबरोबर पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल, आणि भुकेसाठी कमी डोसची ओलान्झापिन. तिची ट्रायल पुद्दुचेरीच्या जिपमर हॉस्पिटलमध्येच झालीय. स्वतःच्या मनाने मात्र काही आणू नका.

कोथरूडची_सून
सासूबाईंच्या वेळी क्रिएटिनिन ०.४ आलं तर आम्ही खूश, किडनी झकास म्हणून! डॉक्टर म्हणाले, अहो, स्नायूच उरले नाहीत, क्रिएटिनिन येणार कुठून. मग वजन दोन किलो वाढलं तेव्हाही पेढे वाटायचं बाकी होतं, ते पायावरचं पाणी निघालं, बोटाने दाबलं की खड्डा. आणि आत्याला आवरा प्लीज. आम्ही जबरदस्तीने भरवायचो, शेवटी त्या ताट दिसलं की डोळे मिटून घ्यायच्या. मेतकूट-भात दोन घास मागितला तर तेवढाच द्या.

सिंहगडरोडवाली
स्टेंट आहे, सप्टेंबरात बसवला. परवा रात्री कुडकुडत होते, आम्ही म्हटलं डिसेंबरातली थंडी, गोधडी टाकली अजून एक. ताप बघितलाच नाही. थांबा, डॉक्टरांना फोन लावते.