गोदामातल्या घुशींसाठी एअर रायफल कोणती?

प्रश्न : अंतर 15 मीटरच्या आत. स्वस्त आणि देखभाल कमी लागेल अशी हवी.

उत्तर : नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली घ्या. पीसीपीला (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) पंप, ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) असा पसारा लागतो. घुशीसाठी .22, म्हणजे 5.5 मिमी, गोल डोक्याचे छर्रे.

उत्तर : छर्रा न भरता चाप ओढूच नका. हवेची गादी मिळत नाही, पिस्टन आदळतो, स्प्रिंग आणि सील जातं. सिलिंडरमध्ये साधं तेलही नको, दाबाने पेटतं. ताकद कमी वाटली तर नळीच्या सांध्यावर टिश्यूचा तुकडा ठेवून झाडा (छर्रा भरूनच); टिश्यू उडाला तर तिथलं सील बदला. नेम सरकला तर आधी दस्त्याचे स्क्रू आवळा.

उत्तर : फरशीवरून छर्रा उसळतो. मागे वाळूची पोती, डोळ्यांवर चष्मा हवाच.