पेट-सीटी आणि स्तनाचा एमआरआय वेगवेगळ्या मशीनवर: फ्यूजन नीट बसवायचं कसं?

मंजिरी_एनएम
नमस्कार. आमच्याकडे पेट-सीटी (टोचलेली किरणोत्सारी साखर, म्हणजे एफडीजी, शरीरात कुठे जमते ते दाखवणारं मशीन) आणि ३ टेस्लाचा एमआरआय आहे, दोन्ही एकत्र असलेलं पेट-एमआर मशीन नाही. स्तनातली गाठ मोठी असेल तर शस्त्रक्रियेआधीची केमो सुरू करण्यापूर्वी दोन्ही तपासण्या होतात. सर्जनना दोन्ही एकावर एक बसवून हव्या आहेत: गाठ कुठपर्यंत गेली आहे, छातीच्या भिंतीला चिकटली आहे का, काखेतल्या कोणत्या गाठी संशयास्पद आहेत. पेट उताणं आणि एमआरआय पालथं होत असल्यामुळे फासळ्या जुळल्या तरी स्तन जुळत नाही. स्तन मोठे असतील तर गाठ दोन-तीन सेंटिमीटर सरकलेली दिसते. सॉफ्टवेअरचं डिफॉर्मेबल रजिस्ट्रेशन (प्रतिमा ताणून-वाकवून जुळवणं) वापरून हे भागेल का? आणि केमो चालू असताना पुन्हा स्कॅन केला तर कोणता आकडा धरायचा?

भौतिकी_बेंच
डिफॉर्मेबलवर भिस्त ठेवू नका. नेहमीचा संपूर्ण शरीराचा उताणा स्कॅन झाला की रुग्णाला पालथं करून फक्त छातीचा वेगळा पेट घ्या, एक किंवा दोन बेड पोझिशन (टेबलाचे थांबे). त्यासाठी एमआरआयच्या ब्रेस्ट कॉइलच्या (स्तन ज्यात लोंबतात त्या अँटेनाच्या साच्याच्या) मापाचा, तेवढ्याच उंचीचा आणि तेवढीच पोकळी असलेला फोमचा आधार बनवून घ्या. खरी कॉइल पेट-सीटीत नेऊ नका. तिच्यातल्या धातूमुळे सीटीवर रेघा उठतात आणि ॲटेन्युएशन करेक्शन (शरीरात अडलेल्या किरणांची सीटीवरून केलेली भरपाई) बिघडतं. आधाराची उंची अधिक रुग्णाच्या पाठीची जाडी गॅन्ट्रीच्या (मशीनच्या कड्याच्या) तोंडातून जाते का, हे आधी मोजा. ७० सेंमीचं तोंड ऐकायला मोठं वाटतं, पण टेबल त्यातली बरीच जागा खातं.

स्तन मोकळा लोंबला पाहिजे, निपल खाली, त्वचेला घडी नको. हात एमआरआयला जसे होते तसेच ठेवा, नाहीतर काख वेगळीच दिसते. पालथ्या पेटसाठी लो-डोस सीटीसुद्धा पालथंच घ्यावं लागतं. उताण्या सीटीचा नकाशा लावलात तर जिथे हवा आहे तिथे ऊती धरल्या जातात आणि एसयूव्ही (गाठीने किती एफडीजी घेतलं त्याचा आकडा) चुकते.

रजिस्ट्रेशन साधं रिजिड (प्रतिमा न ताणता नुसती सरकवून-फिरवून) ठेवा, पण एका वेळी एकाच स्तनाभोवती चौकट आखून. निपल आणि त्वचेची कड जुळवा, मग बायोप्सीच्या वेळी खुणेसाठी गाठीत ठेवलेल्या धातूच्या क्लिपवर पडताळा करा. सीटीवर क्लिप पांढरी, एमआरआयवर काळा ठिपका. तिथे ५ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर ते फ्यूजन मी सर्जनला दाखवणार नाही. डिफॉर्मेबल वापरायचंच झालं तर नुसतं बघण्यापुरतं वापरा. ते गाठ ताणतं किंवा आकसवतं, म्हणून मापं कायम मूळ प्रतिमांवरच घ्यायची.

पालथा पेट उताण्यानंतर २०-३० मिनिटांनी होतो आणि तोवर गाठीतलं एफडीजी बहुधा आणखी वाढलेलं असतं. त्यामुळे दोन्ही एसयूव्ही एकमेकींत मिसळू नका.

रेडिओ_सातारा
छातीच्या भिंतीबद्दल निर्णय एमआरआयवरच घ्या. पेटचं रिझोल्यूशन ४ ते ६ मिमी, त्यात श्वासाची हालचाल. पेटवर गाठीची कड स्नायूवर आलेली दिसली म्हणजे ती चिकटलीच, असं होत नाही. एमआरआयवरही गाठ आणि स्नायू यांमधला चरबीचा पट्टा नाहीसा होणं पुरेसं नाही. स्नायू स्वतः कॉन्ट्रास्ट घेतो का ते बघायचं. आणि नुसता पेक्टोरालिस (स्तनामागचा छातीचा स्नायू) धरला असेल तर ते टी४ (गाठीच्या वर्गवारीतला सर्वांत पुढचा टप्पा) होत नाही. फासळ्या, त्यांच्यामधले स्नायू किंवा सेराटस अँटिरिअर (छातीच्या कडेचा फासळ्यांवरचा स्नायू) धरला असेल तरच छातीची भिंत म्हणायचं. हा फरक रिपोर्टात स्पष्ट लिहिला नाही तर शस्त्रक्रियेचा बेतच बदलतो.

गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) ०.१ मिलिमोल प्रतिकिलो, सेकंदाला २ मिली, मागोमाग २० मिली सलाइन. कॉन्ट्रास्टआधीचा एक फेज आणि नंतर सहा-सात मिनिटं एकामागून एक, प्रत्येक ६० ते ९० सेकंदांचा. डिफ्यूजन (ऊतींतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या प्रतिमा) कॉन्ट्रास्टच्या आधी, बी-व्हॅल्यू ५० आणि ८००. पाळीच्या ७ ते १४ या दिवसांत आजूबाजूचा स्तन कमी उजळतो हे खरं, पण कर्करोगाचं निदान झालेल्या बाईची केमो त्यासाठी लांबवू नये.

पेटवर गाठ उजळली नाही म्हणून ती नाही, असं कधीही लिहू नका. लोब्युलर (दूधग्रंथींतला प्रकार), डीसीआयएस (दूधनलिकेतच राहिलेला कर्करोग), कमी ग्रेडच्या आणि १ सेंमीपेक्षा लहान गाठी एफडीजी कमी घेतात. उलट काखेचा वरचा भाग आणि कॉलरबोनमागच्या गाठी ब्रेस्ट कॉइलच्या टप्प्यात नीट येत नाहीत. तिथे, स्टर्नमलगतच्या गाठींसाठी आणि हाडांसाठी पेट उजवं ठरतं. मात्र काख पेटवर स्वच्छ दिसली तरी सेंटिनेल नोड बायोप्सी (काखेतली पहिली गाठ काढून तपासणं) टळत नाही, सूक्ष्म पसरण पेटला दिसतच नाही.

टेक_कोल्हापूर
इंजेक्शन नेहमी विरुद्ध हातात. गाठीच्या बाजूच्या हातात थोडं जरी शिरेबाहेर गेलं तरी त्याच काखेची गाठ उजळते आणि सगळ्यांना ती पसरण वाटते. दोन्ही स्तनांत आजार असेल तर पायाची शीर घ्या.

किमान ४ तास उपाशी (६ उत्तम), रक्तातली साखर २०० मिग्रॅच्या आत. त्वचेखालून झटपट इन्सुलिन दिलं असेल तर ४ तास थांबा, नाहीतर एफडीजी सगळं स्नायूंत जातं. इंजेक्शनआधीपासूनच खोली उबदार ठेवा, पांघरूण द्या. थंडीने मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि कॉलरबोनवरच्या गाठींशी घोळ होतो. सिरिंजमधला उरलेला डोस मोजा आणि डोस कॅलिब्रेटरचं (डोस मोजणाऱ्या यंत्राचं) घड्याळ स्कॅनरशी जुळवा. एफ-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, १० मिनिटांचा फरक म्हणजे सुमारे ६ टक्के चूक.

दोन्ही एकाच दिवशी असतील तर एमआरआय आधी. एफडीजी दिलेला रुग्ण एमआरआयच्या टेबलवर चढवायचा म्हणजे त्या स्टाफला विनाकारण डोस.

मंजिरी_एनएम
विरुद्ध हात पाळतो, क्लिपवरचा पडताळा करत नव्हतो. केमोदरम्यानचं कोणी सांगाल का? आणि खरं पेट-एमआर मशीन असतं तर हे प्रश्न सुटले असते का?

एनएम_डॉक
जागेचा प्रश्न बराच सुटतो, आकड्याचा नाही. पेट-एमआरमध्ये सीटी नसतं. डिक्सन सिक्वेन्सवरून (चरबी आणि पाणी वेगळं दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमांवरून) हवा, फुफ्फुस, चरबी, मऊ ऊती असे भाग पाडून करेक्शन होतं. क्लिप किंवा केमो-पोर्टभोवती (औषध द्यायला त्वचेखाली बसवलेल्या उपकरणाभोवती) सिग्नल नाहीसा झाला की मशीन तिथे हवा समजतं आणि एसयूव्ही खाली येते. ब्रेस्ट कॉइलचा नकाशा करेक्शनमध्ये घातला नाही तरी तेच. म्हणून पेट-सीटीवरचा पहिला आकडा आणि पेट-एमआरवरचा दुसरा यांची टक्केवारी काढू नका.

केमोदरम्यान पेट शेवटच्या डोसनंतर निदान १० दिवसांनी, म्हणजे पुढच्या सायकलच्या तोंडावर घ्या. इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर पहिल्या वेळेइतकंच ठेवा, ५ मिनिटं इकडेतिकडे. हर-२ पॉझिटिव्ह (गाठीत हर-२ प्रथिन जास्त असलेल्या) रुग्णांच्या फेरगेन चाचणीत दोन सायकलनंतर एसयूव्ही-मॅक्स ४० टक्के तरी उतरली असेल तर प्रतिसाद धरला होता. ती रेघ त्या औषधांपुरती आहे, ट्रिपल निगेटिव्ह (हर-२ आणि हार्मोनचे दोन्ही रिसेप्टर नसलेल्या) किंवा हार्मोन पॉझिटिव्हला तशीच लावू नये. गाठ सुरुवातीलाच यकृताइतकीही उजळत नसेल तर टक्केवारीला अर्थ नाही, एमआरआयवरच चाला.

एमआरआयची अडचण वेगळी. टॅक्सेन गटाच्या केमोनंतर कॉन्ट्रास्ट कमी घेतला जातो, त्यामुळे उरलेली गाठ लहान भासते. हार्मोन पॉझिटिव्हमध्ये ती बेटाबेटांनी विरते, तेव्हा सर्वांत मोठं बेट न मोजता पहिल्या बेटापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर लिहा. सर्जनला काढायचा भाग तेवढाच असतो.