नळावरील क्षारांचे पांढरे थर: कमी खर्चात कसे काढावेत?

प्रश्न: न्हाणीघरातील नळांवर पांढरट थर बसले असून शॉवरच्या निम्म्या छिद्रांतून पाणीच येत नाही. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावले. फेस भरपूर आला, डाग मात्र जागच्या जागी. महागडे द्रावण न आणता काही करता येईल का?

उत्तर १: फेस पाहून समाधान वाटते, एवढाच त्या मिश्रणाचा उपयोग! हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे आम्लात विरघळणारा असतो. सोडा व्हिनेगरमधील आम्लच निकामी करतो. म्हणून नुसते पांढरे व्हिनेगर जाड पिशवीत ओतून, शॉवरचे तोंड त्यात बुडेल अशा बेताने पिशवी रबराने बांधावी. अर्ध्या तासाने ती काढून जुन्या टूथब्रशने छिद्रे घासावीत आणि गरम पाणी सोडावे. नळाच्या बुडाशी भिजवलेल्या कापडाची पट्टी गुंडाळली की पुरते.

उत्तर २: व्हिनेगरचा वास सहन होत नसेल, तर लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून वापरावे. मात्र संगमरवरावर यातले काहीही सांडू देऊ नये, कारण तोही कॅल्शियम कार्बोनेटच असल्याने त्याची चकाकी कायमची जाते. ब्लीचसोबत तर कोणतेही आम्ल मुळीच वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रश्नकर्ता: पिशवी दोनदा बांधावी लागली, पण शॉवर मोकळा झाला. छिद्रांतून वाळूसारखे कण बाहेर पडले.